पेण-रोह्यातील सरकारी शाळा : पट, पदे आणि पाचवी ते आठवीची वर्षे

जून महिना जवळ आला की रायगड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांची वाड्या-वस्त्यांवरची पायपीट सुरू होते. दाखलपात्र मुलांच्या याद्या घेऊन शिक्षक घरोघरी जातात, पालकांची समजूत घालतात, मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश आणि पोषण आहाराची माहिती देतात. पहिल्या दिवशी गुलाबाचे फूल देऊन नवागतांचे स्वागत होते. या साऱ्या धावपळीमागे मुलांविषयीची आस्था असतेच; परंतु एक व्यावहारिक चिंताही असते. ती चिंता पटाची. शाळेच्या हजेरीपटावर किती नावे आहेत, यावर त्या शाळेत किती शिक्षक राहतील हे ठरते, आणि किती शिक्षक आहेत यावर पुढच्या वर्षी किती मुले येतील हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

पेण आणि रोहा या दोन लहान शहरांत व त्यांच्या तालुक्यांत हा प्रश्न विशेषतः पाचवी ते आठवी या वर्गांत दिसतो. पहिलीत मुले मिळतात. चौथी-पाचवीनंतर ती अन्यत्र जातात. ‘मुले कमी झाली म्हणजे शाळेचा दर्जा घसरला’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पट आणि गुणवत्ता यांचा संबंध मात्र इतका सरळ नाही. तो समजून घ्यायचा, तर या शाळांची रचना, शिक्षकपदांचे गणित आणि मुलांचे प्रत्यक्ष जीवन या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

दोन शहरे, अनेक प्रकारची मुले

पूर्वीचा कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पेण हे भोगावती नदीकाठचे, गणेशमूर्तींसाठी देशभर प्रसिद्ध असलेले गाव. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३८ हजार होती. रोहा हे कुंडलिकेच्या काठी वसलेले; नदीपलीकडील अष्टमी धरून त्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे २१ हजार होती. जिल्ह्याची साक्षरता ८३ टक्क्यांच्या घरात, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या जवळपास होती.

शिक्षणाच्या इतिहासात या परिसराचे नाव कोरे नाही. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे, तर पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यातच झाला. वर्धा शिक्षण योजनेच्या प्रभावातून पुढे आलेले ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे नाव राज्यातील अनेक जुन्या प्राथमिक शाळांच्या पाट्यांवर दीर्घकाळ झळकत होते.

आजच्या शाळेत बसणारी मुले मात्र एकाच समाजातली नाहीत. पेणच्या पश्चिमेला खाडीलगत खारेपाटाची गावे आहेत. तेथे शेतकरी व मच्छीमार कुटुंबांतील मुले आगरी बोली बोलत शाळेत येतात. पूर्वेकडील डोंगरात ठाकूर व कातकरी वाड्या आहेत. वडखळजवळच्या डोलवी येथील पोलाद प्रकल्प, रोह्यालगतची धाटाव औद्योगिक वसाहत आणि रोहा तालुक्यातील नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प यांमुळे परप्रांतीय कामगारांची कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलांची घरची भाषा हिंदी, भोजपुरी किंवा बंगाली असते. शहरातील नोकरदार व व्यापारी वर्ग वेगळाच. एकाच केंद्रातील दोन शाळांची तुलना करताना ही विविधता विसरून चालत नाही.

शाळा कोणाच्या?

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. ‘रा. जि. प. शाळा’ ही अक्षरे रायगडमधील गावोगावच्या शाळांवर दिसतात, ती त्यामुळेच. शहराच्या हद्दीत नगरपरिषदेच्या शाळा, आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळा, आणि यांच्या जोडीला खासगी संस्थांची अनुदानित विद्यालये, अशी एकूण व्यवस्था आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेण येथे आहे.

यातील महत्त्वाचा भेद असा की, जिल्हा परिषद व नगरपरिषदांनी मुख्यतः प्राथमिक शिक्षण चालविले, तर माध्यमिक शिक्षण खासगी संस्थांकडे राहिले. पेण एज्युकेशन सोसायटीचे पेण प्रायव्हेट हायस्कूल किंवा कोकण एज्युकेशन सोसायटीचे रोह्यातील मेहेंदळे हायस्कूल ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. या विद्यालयांना शासनाचे अनुदान मिळते, पण त्यांचे व्यवस्थापन संस्थांचे असते. माध्यमिक विद्यालयांचा आरंभ परंपरेने पाचवीपासून होत आला आहे. म्हणजेच पाचवी, सहावी आणि सातवी हे वर्ग सरकारी प्राथमिक शाळेतही असू शकतात आणि अनुदानित विद्यालयातही. लहान शहरातील सरकारी शाळेची गळती येथूनच सुरू होते.

चौथी, सातवी, आठवी

एके काळी सातवी हा शिक्षणाचा मोठा टप्पा होता. व्हर्नाक्युलर फायनल अर्थात ‘फायनल’ची परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होऊ शकत असे. मोठ्या गावात सातवीपर्यंतची पूर्ण प्राथमिक शाळा असणे ही प्रतिष्ठेची बाब होती. पुढे दहावीचे महत्त्व वाढले तसे सातवीचे महत्त्व ओसरले. मुलाला शेवटी विद्यालयातच पाठवायचे, तर पाचवीलाच का पाठवू नये, असा विचार पालक करू लागले. पाचवीला प्रवेश मिळाला की दहावीपर्यंतची चिंता मिटते, हा त्यामागचा साधा हिशेब होता. तो आजही कायम आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर मानला. महाराष्ट्रातील जुनी रचना पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी अशी होती. नव्या रचनेनुसार चौथीपर्यंतच्या शाळांना पाचवी आणि सातवीपर्यंतच्या शाळांना आठवी जोडणे आवश्यक ठरले. २०१३ नंतर ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२० मध्ये पाचवीचे वर्ग प्राथमिक शाळांना जोडण्याचा निर्णय पुन्हा घेण्यात आला. परंतु पाचवीचे वर्ग गेल्यास विद्यालयांतील पदे कमी होतात, हा त्यातला अडथळा. संस्थाचालकांचा व विद्यालयांतील शिक्षकांचा त्यास विरोध झाला. परिणामी अनेक गावांत एकाच वयाच्या मुलांसाठी दोन व्यवस्था शेजारी-शेजारी चालत राहिल्या.

शिष्यवृत्ती परीक्षेचा प्रवासही हीच ओढाताण दाखवितो. १९५४-५५ पासून चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होणारी ही परीक्षा २०१७ पासून पाचवी व आठवीसाठी होऊ लागली. चौथीची परीक्षा ही जिल्हा परिषद शाळांच्या गुणवत्तेची ओळख होती. तीच परीक्षा पाचवीला गेल्यावर चौथीपर्यंतच्या शाळांच्या हातून ती ओळख निसटली. २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीसाठी घेण्याचा निर्णय केला, त्यामागे सरकारी शाळांतील घटता पट हेही एक कारण होते.

पटावर ठरणारी पदे

शाळेला किती शिक्षक मिळावेत याची दरवर्षी निश्चिती होते. तिला संचमान्यता म्हणतात. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट आधारभूत धरण्याची पद्धत रुळलेली आहे. पटाच्या खरेपणाविषयी शंका निर्माण झाल्याने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. अलीकडे आधार-पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांचाच पट धरण्यावर भर आहे. बोगस नावांना त्यामुळे आळा बसतो, हे खरे. मात्र ज्यांच्याकडे जन्मनोंदच नाही, अशा आदिवासी वाडीवरील किंवा कामगार कुटुंबातील मुलाचा आधार क्रमांक रखडला, तर ते मूल वर्गात बसूनही हिशेबात येत नाही.

शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तीन गटांसाठी शिक्षक असावेत अशी अपेक्षा आहे. विषय शिक्षकाची ही तरतूद महत्त्वाची आहे. सहावीपासून बीजगणिताची, विज्ञानातील प्रयोगांची आणि इंग्रजी व्याकरणाची सुरुवात होते. एकाच शिक्षकाने सर्व वर्गांचे सर्व विषय शिकविणे तेथे पुरेसे ठरत नाही.

मार्च २०२४ मधील शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी विद्यार्थी असल्यास त्या गटासाठी शिक्षकपद मंजूर होणार नाही, अशी त्यातील तरतूद वादग्रस्त ठरली आणि शिक्षक संघटनांनी तिला जोरदार विरोध केला. तिचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पहिली ते सातवीच्या एका शाळेत पाचवीपर्यंत ४८ आणि सहावी-सातवीत मिळून २२ मुले आहेत. जूनमध्ये त्यांपैकी तीन मुले तालुक्याच्या गावातील विद्यालयात गेली. पट १९ झाला. या निकषाने सहावी-सातवीचे पद गेले आणि उरलेल्या १९ मुलांना शिकविण्याचा भार पाचवीपर्यंतच्या दोन शिक्षकांवर आला. पुढच्या जूनमध्ये त्या १९ मुलांचे पालक काय निर्णय घेतील, हे सांगावयास नको. पहिली तीन मुले गेली तेव्हा शाळा वाईट नव्हती. ती गेल्यानंतर मात्र शाळा खरोखरच दुबळी झाली.

पदे मंजूर असूनही रिकामी राहणे ही कोकणाची जुनी व्यथा आहे. २०१२ नंतर अनेक वर्षे शिक्षकभरती जवळपास थांबलेली होती. २०१७ मध्ये ‘पवित्र’ प्रणालीची घोषणा झाल्यावरही भरतीची गती मंदच राहिली. त्यातच कोकणातील जिल्ह्यांत नियुक्ती मिळालेले अन्य विभागांतील अनेक शिक्षक काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने स्वगृही परततात. त्यांची मागणी माणुसकीच्या दृष्टीने रास्त असते. पण रिकामी झालेली जागा भरेपर्यंत शाळेला कामगिरीवर पाठविलेल्या शिक्षकावर दिवस काढावे लागतात. त्याखेरीज जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामे कायद्यानेच शिक्षकांकडे आहेत. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक अशा कामाला गेला की शाळा एकशिक्षकी होते.

मुले जातात कोठे?

सरकारी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे साधारण तीन मार्ग आहेत. पहिला, शहरातील अनुदानित मराठी विद्यालयाचा. दुसरा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा. राज्यात स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ मध्ये झाल्यानंतर शासकीय अनुदानाविना शाळा काढणे सुलभ झाले. इंग्रजीची ओढ त्याहून जुनी आहे. ती ओळखूनच राज्याने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्गही अनेक जिल्हा परिषद शाळांनी उघडले. जेथे ते चांगले चालले तेथे पट टिकल्याचा अनुभव आहे. मात्र सेमी-इंग्रजीला गणित-विज्ञानाचा जाणकार शिक्षक लागतो, आणि प्रश्न पुन्हा पदांपाशी येऊन थांबतो.

तिसरा मार्ग निवड परीक्षांचा. माणगाव तालुक्यातील निजामपूर येथे रायगडचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीत असताना परीक्षा देऊन सहावीला तेथे प्रवेश मिळतो. वर्षाला जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि त्यातील किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात. एखाद्या जिल्हा परिषद शाळेचे मूल नवोदयला लागले, तर तो त्या शाळेचा सन्मान असतो. पण पटाच्या हिशेबात मात्र ते एक नाव कमी होते. चांगले शिकविल्याचे फळ म्हणून पट घटण्याचा हा प्रकार आकडेवारीत कोठेही दिसत नाही.

प्रवासाची सोयही निर्णायक ठरते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो. मुलींचे शिक्षण टिकविण्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. ज्या गावाला वेळेवर एसटी येते, तेथील मुली पेण-रोह्याच्या विद्यालयांत जाऊ शकतात. जेथे ती येत नाही, तेथे गावातील शाळाच एकमेव आधार असते.

पटावर असलेली, वर्गात नसलेली

रायगडच्या शाळांचा विचार कातकरी मुलांना वगळून करता येत नाही. केंद्र शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गटांत समाविष्ट केलेल्या या जमातीतील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन वा अत्यल्प भूधारक आहेत. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर निघतात. भट्टीमालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी ही पायपीट करावी लागते. ती माणसे परत येतात ती पावसाच्या तोंडावर. जातानाच मुलेही सोबत जातात. दहा-अकरा वर्षांचे मूल तेथे धाकट्या भावंडांना सांभाळते किंवा विटा उलटविण्यास हातभार लावते.

येथे तारखांचा मेळ पाहण्याजोगा आहे. पट मोजला जातो ३० सप्टेंबरला, आणि स्थलांतर सुरू होते त्यानंतर. म्हणजे मोजणीच्या दिवशी वर्गात असलेले मूल वार्षिक परीक्षेच्या वेळी वर्गात असेलच असे नाही. कागदावर शाळेचा पट पूर्ण असतो. प्रत्यक्षात त्या मुलाचे अर्धे वर्ष बुडालेले असते. अशी तीन-चार वर्षे गेली की सहावीतले मूल दुसरीच्या पुस्तकापाशी अडते. त्यानंतर ते शाळा सोडते, आणि मग त्याची नोंद ‘गळती’ अशी होते. हे मूल शाळेपासून तुटू लागले ते त्याआधी कितीतरी वर्षे.

यावर उपाय योजले गेले नाहीत असे नाही. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात तत्कालीन ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या. शासनाने गावातच मुलांना ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आणली. एका गावाचे मूल दुसऱ्या गावी गेल्यास तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले जाते. ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षणही झाले. शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा अधिकार दिला आहे. वरवणे (ता. पेण) व सानेगाव (ता. रोहा) येथील शासकीय आश्रमशाळांसारख्या निवासी व्यवस्था याच गरजेतून उभ्या राहिल्या. मात्र हमी पत्रक घेऊन गेलेले मूल भट्टीजवळच्या शाळेत खरोखर बसते की नाही, हे पाहणारी यंत्रणा सक्षम असेल तरच त्या कागदाला अर्थ राहतो.

पोषण आहाराचे महत्त्वही याच मुलांच्या संदर्भात कळते. प्राथमिक वर्गांतील मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, म्हणजे अनुक्रमे ४५० व ७०० उष्मांकांचे जेवण, असे प्रमाण ठरलेले आहे. शहरातील सुस्थित पालकाला या खिचडीचे अप्रूप नसेल. वाडीवरील मुलासाठी ते दिवसातले खात्रीचे जेवण असते.

गुणवत्ता मोजायची कशी?

पट मोजणे सोपे, गुणवत्ता मोजणे अवघड. आठवीपर्यंत नापास न करण्याच्या धोरणामुळे वार्षिक निकालावरून शाळेची तुलना करणे अनेक वर्षे शक्य नव्हते. केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केल्यानंतर महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. त्याखेरीज राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आणि आठवीची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, अर्थात एनएमएमएस, हे मापदंड आहेत. सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांसाठी असलेल्या या दुसऱ्या परीक्षेत निवड झालेल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. तथापि निवड परीक्षांतून वर्गातील दोन-चार हुशार मुलांची प्रगती कळते. मागच्या बाकावरच्या मुलाची नाही.

सर्वसाधारण मुलाची पातळी नमुना पाहणीतून समजते. केंद्र शासनाच्या संपादणूक सर्वेक्षणांखेरीज ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी या दृष्टीने परिचित आहे. ग्रामीण भारताचे तिचे आकडे पट आणि गुणवत्ता यांच्यातील नात्यावर चांगला प्रकाश टाकतात. सहा ते चौदा वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. करोनाकाळात खासगी शाळांचे शुल्क परवडेनासे झाले, अनेक लहान खासगी शाळा अडचणीत आल्या, आणि २०२२ मध्ये हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले. २०२४ मध्ये ते पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. याच काळात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या आठवीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ७३ टक्के, २०२२ मध्ये सुमारे ७० टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ७१ टक्के होते. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित मात्र या तिन्ही वेळा आठवीतील निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही.

म्हणजे सरकारी शाळांचा पट वाढला तेव्हा वाचन घसरले होते, आणि पट पुन्हा घटला तेव्हा वाचन किंचित सावरले होते. वाचन घसरण्याचे कारण पट वाढणे हे अर्थातच नव्हे. दीर्घकाळ बंद राहिलेल्या शाळा हे होते. महाराष्ट्रात पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारी २०२१ च्या अखेरीस काही काळ सुरू झाले, आणि ग्रामीण भागात ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडले. रायगडमध्ये त्यापूर्वीच ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने अनेक शाळांची छपरे उडविली होती. सांगावयाचे ते इतकेच, की पटाचा चढ-उतार हा प्रायः पालकांची आर्थिक स्थिती, माध्यमाची ओढ आणि वाहतूक यांचा आरसा असतो. वर्गात काय शिकविले जाते हे त्यावरून समजत नाही.

समूह शाळा : सोय की दुरावा?

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा विकसित करण्याचा विचार पुढे आणला. तेव्हा राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या १४ हजार ७८३ शाळा होत्या. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार विद्यार्थी आणि २९ हजार ७०७ शिक्षक होते. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत ही उदाहरणे त्यासाठी देण्यात आली. त्यापूर्वी २०१७ मध्येही दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून त्यांचे समायोजन करण्याचा निर्णय गाजला होता.

या कल्पनेच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सात-आठ मुलांच्या शाळेत क्रिकेटचा संघ होत नाही, प्रयोगशाळा उभी राहत नाही, समवयस्कांबरोबर वादविवाद होत नाही. पंधरा-वीस मुलांच्या चार शाळांऐवजी ऐंशी मुलांची एक शाळा असल्यास विषय शिक्षक, ग्रंथालय, मैदान या सोयी मिळू शकतात. सहावीपुढील वर्गांसाठी हा युक्तिवाद विशेष लागू पडतो, आणि कायदाही उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी एवढीच अपेक्षा ठेवतो.

परंतु तीन किलोमीटर हे अंतर सर्वत्र सारखे नसते. पेण शहरातील रिक्षाने काटलेले तीन किलोमीटर आणि पूर्वेकडील डोंगरातील वाडीवरून ओढा ओलांडून उतरायचे तीन किलोमीटर यांत पावसाळ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये येथील ओढे-नाले दिवसेंदिवस भरून वाहतात. वाहनाची हमी वर्षभर टिकली नाही, तर सर्वप्रथम घरी राहते ती मोठी मुलगी. समायोजनाचा निर्णय नकाशावरील अंतराने नव्हे, तर पावसाळ्यातील वाटेने व्हावा, अशी मागणी होते ती म्हणूनच.

पालकांच्या हाती काय?

शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य केली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या विनियोगावर आणि शिक्षक-विद्यार्थ्यांच्या उपस्थितीवर लक्ष ठेवणे ही तिची कामे होत. प्रत्यक्षात अनेक समित्यांच्या सभा सह्यांपुरत्या होतात. ज्या गावांत समिती जागी असते, तेथे रिक्त पदाचा पाठपुरावा तालुका व जिल्हा पातळीपर्यंत होतो, हा अनुभव मात्र सार्वत्रिक आहे.

शाळेविषयी मत बनविताना केवळ पटाचा आकडा न पाहता काही साधे प्रश्न विचारावे लागतात. सहावीच्या वर्गाला गणित-विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक आहे काय? मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत? सप्टेंबरच्या पटावरील किती मुले फेब्रुवारीत हजर असतात? पाचवी सोडून जाणारे प्रत्येक मूल पुढे कोणत्या शाळेत दाखल झाले, याची नोंद आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या शाळेकडे आहेत, तिचा पट लहान असला तरी ती शाळा जिवंत आहे असे मानण्यास हरकत नसावी.

पेण-रोह्यातील सुस्थित पालकांपुढे आज निवडीला वाव आहे. त्यांचे मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेले, तर त्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते मागे राहिलेल्यांचे : दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलाचे, एसटी न येणाऱ्या वाडीवरील मुलीचे, घरात मराठी न बोलणाऱ्या कामगाराच्या मुलाचे. त्यांच्यासाठी सरकारी शाळा हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय नसून एकमेव शाळा आहे. तेथील सहावी-सातवीच्या वर्गाला शिक्षक द्यावयाचा की नाही, हे गेलेल्या मुलांच्या संख्येवरून ठरवावयाचे की राहिलेल्या मुलांच्या गरजेवरून, हा या साऱ्या चर्चेतील मूळ प्रश्न आहे. पटाच्या रकान्यात त्याचे उत्तर सापडत नाही. ते धोरण ठरविणाऱ्यांनाच द्यावे लागेल.